आधी वाटी, मग सुधाकर

शबनमचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. आणि जन्मभराच्या घाईच्या सवयीनं मी विचारून बसलो, "मला न सांगता कुठं गेला?" पलीकडं ती रडता रडता हसली. अर्धवट दाढीनंच मी खंडाळ्याहून कार्ल्याला निघालो... हमीद असता तर माझ्या घाईचा हा नमुना त्यानं वर्षभर गिऱ्हाइकांना सांगितला असता.

हमीदचं कार्ले फाट्यावर चिक्कीचं दुकान. मैत्री शाळेपासूनची. मी रेल्वेत, सिग्नलच्या केबिनमध्ये. एक गाडी गेली की डोकं पुढच्या गाडीत. तो गुळाच्या पाकापुढं बसणारा. पाक झाला का ते बघायला तो थेंबभर गार पाण्यात टाकायचा, आणि त्या पाण्याची वाटी धरायचं काम ड्यूटी सुटल्यावर तिथं टेकणाऱ्या माझ्याकडं. घाणा बिघडला की मी म्हणायचो, टाकून दे, दुसरा लाव. तो ती दाताला चिकटणारी चिक्की आधी शांतपणे खायचा, मलाही खायला लावायचा. कुठं बिघडलं ते कळेपर्यंत दुसरा घाणा नाही. बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गिऱ्हाइकं ताटकळलीत, आणि हे साहेब रवंथ करतायत.

मग त्याच्या मेंदूला झटका आला. हातपाय वाचले, नावं गेली. शबनमनं त्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. फोटो दिसतो, आपण नाव सांगायचं. बोट लावलं की मागं बरोबर नाव. मग 'आलं' किंवा 'चुकलं' दाबायचं, की लगेच पुढचा फोटो. ही शिकवणी माझ्याकडं आली. पहिल्याच दिवशी स्वतःच्या मेव्हण्याच्या फोटोला तो 'कढई' म्हणाला आणि भाभी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मग चौदा एप्रिलच्या जयंतीचा, कडक पांढऱ्या शर्टातला माझा फोटो आला. हमीद म्हणाला, "वाटी."

मला हसू आलं नाही. भाभींचं नाव आलं, शबनमचं आलं, शेजारच्या बोकडाचंही आलं. माझं येईना. रोज वाटी. हा मला नावानं हाक न मारताच जायचा, या भीतीनं मी घायकुतीला आलो. 'चुकलं' दाबून भराभर पुढं ढकलत राहिलो. शंभरदा फिरलं की बसेल डोक्यात.

एके दुपारी त्यानं माझं मनगट धरलं. "थांब की. लय घाई तुला."

"चुकलंय. पुढचं बघू."

"चुकलंय म्हनूनच थांब. वाटी का आली?"

"मला काय माहीत? तोंड असेल वाटीसारखं."

त्यानं फोन पालथा घातला, डोळे मिटले आणि बिघडलेली चिक्की चघळताना बसायचा तसा बसला. चहा आला, गार झाला. "वाटी..." तो पुटपुटला. "पान्याची... पाक टाकतोय मी. वाटी हलती. धरनाऱ्याला दम न्हाई..." मग डोळे उघडून थेट माझ्याकडं बघत म्हणाला, "हलवू नगंस, सुधाकर."

मी भाभींसमोर ढसाढसा रडलो.

संध्याकाळी त्यानं शबनमला फर्मान सोडलं, "ह्याच्या नावाच्या वर वाटी बी लिव."

"अब्बा, ते चुकीचं आहे."

"व्हय. पन त्याच रस्त्यानं मी मागारी आलो. उद्याबी तितनंच यायचंय."

तेव्हापासून मी फाट्यावर उतरलो की दुकानातून हाक यायची, "वाटी... सुधाकर." त्या मधल्या थांब्यात माझा रस्ता ओलांडून व्हायचा. पलीकडचा चहावाला मला वाटीकाका म्हणू लागला. मेव्हणा कढई का, हे मात्र हमीदनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याला ते कळलं असावं, कारण मेव्हणा आला की तो हसू दाबायचा.

आता दुकान शबनम बघते. परवा गेलो तर पाक चुलीवर आणि हमीदचा फोन बरणीला टेकवलेला. ॲप तिनं काढलेलं नाही. उघडलं, माझाच फोटो आला. बोट लावलं. वर वाटी, खाली सुधाकर, त्याखाली ती दोन बटणं. मी एकही दाबलं नाही. दाबलं की पुढचं येतं, आणि मला पुढचं नको होतं.

"काका, धरा," म्हणत शबनमनं पाण्याची वाटी हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी धरली. पाणी हललंच. शबनमनं तशातच पाकाचा थेंब टाकला.