पंचवीस पटींची दुर्बीण

जखमी होऊन झाडीत पळालेल्या हरणाला मरायला किती वेळ लागतो, हे शिकारीच्या गप्पा ऐकताना तुम्ही कधी विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं. शिकारीला माझा विरोध आहे, तरी नागपूरच्या रूममेटसोबत इथे अमेरिकेत फ्रिस्कोजवळच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. पहिल्याच शिकारीसाठी त्याला रायफलवर बसवायची दुर्बीण हवी होती. फोनचा कॅमेरा निवडावा तसा त्याने सगळ्यात मोठा आकडा निवडला. "पंचवीस पट, यार! हरणाच्या पापण्या मोजू."

काउंटरमागच्या म्हाताऱ्याने मऊ फडक्याने काच पुसली, पण दुर्बीण दिली नाही. म्हणाला, "आधी पार्किंग लॉटला दोन फेऱ्या पळून ये."

रूममेट धापा टाकत परतला. म्हाताऱ्याने त्याला दारात उभं केलं आणि दुर्बीण हातात दिली. "समोरची पाटी वाच."

"हलतंय सगळं. सापडतच नाहीये!"

"हरीण दिसलं की छाती अशीच धडधडते, पोरा. आणि पंचवीस पटींत ते हलणंही पंचवीस पट दिसतं. मग गोळी पोटात लागते आणि ते दिवसभर मरत राहतं." त्याने नऊ पटींची, स्वस्तातली दुर्बीण पुढे सरकवली. "मी ग्राहकाला हरणाच्या बाजूने विचार करून विकतो."

माझा विरोध तसाच आहे. पण शिकारीविरोधी इतकी पत्रकं वाटूनही हरणाच्या त्या दिवसाचा विचार मी केला नव्हता. बंदुका विकणाऱ्या त्या माणसाने केला होता.

तुमचा कुणी मित्र शिकारीला निघाला असेल, तर त्याला अडवा. ऐकत नसेल, तर किती अंतरापर्यंत त्याचा नेम चुकत नाही ते विचारा, आणि त्यापलीकडे गोळी झाडणार नाही, एवढं आजच कबूल करून घ्या.