जर्मनची होडी

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात मला पंधरा दिवसांची शिक्षा झाली, तेव्हा तुरुंगात माझ्या शेजारची पथारी एका गिरणीतल्या फिटरची होती. मी फणसवाडीत मामांकडे राहणारा कारकून, तो वरळीच्या बीडीडी चाळीतला. नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. तुरुंगातली भाकरी जाड आणि कच्ची असायची, एकट्याला जायची नाही. आम्ही एक मोडून दोघांत खायचो. त्याच्या थाळीतलं मी घ्यायचो, माझ्या थाळीतलं तो. सुटल्यावरही आमची मैत्री टिकली.

मासे धरायची हौस दोघांनाही होती. रविवारी वरळीच्या खडकांवर गळ टाकून बसायचो आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचो. "होडी पाहिजे रे," तो म्हणायचा. एक दिवस त्यानेच ती शोधून काढली, बंदरालगतच्या दारूखाना भागातल्या एका भंगारवाल्याकडे. लढाईच्या वेळची, चपट्या तळाची, अल्युमिनियमची. दोन माणसांनी उचलावी इतकी हलकी. तळाला चार भोकं आणि एका बाजूला मोठा पोचा.

आम्ही ती हातगाडीवर घालून वरळीच्या कोळीवाड्यात आणली. एका म्हातारीने अंगणाच्या कडेला ठेवू दिली. अल्युमिनियमच्या भांड्यांना तेव्हा सगळे जर्मनची भांडी म्हणत. म्हातारी होडीवर टिचकी मारून म्हणाली, "या जर्मनच्या टोपात भात शिजवणार काय रे पोरांनो?"

पावसाळाभर आम्ही दर रविवारी त्या होडीवर काम केलं. 'आम्ही' हे माझं म्हणणं. खरं काम त्याचं. मी फळ्या धरायचो, चहा आणायचो. पोचा त्याने लाकडी हातोडीने आतून हळूहळू ठोकून काढला. भोकांवर अल्युमिनियमचेच तुकडे बसवून रिवेट मारले. मी हौसेने पितळेचे चकचकीत स्क्रू घेऊन गेलो होतो, ते त्याने परत माझ्या खिशात टाकले. "खाऱ्या पाण्यात पितळ याला खाऊन टाकेल. दिसायला काय करायचंय?" मधलं बाकडं काढून त्याने तिथे माशांसाठी झाकणाची पेटी बसवली. तळाला फळ्या आणि त्यांवर काथ्याची चटई घातली, कारण पत्र्यावर नुसता पाय आपटला तरी मासे पळतात. पेटीच्या झाकणाला बिजागऱ्या मिळेनात, तर सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या लावल्या. त्याला असं काही सुचलं की तो आधी स्वतःशी हसायचा आणि मग सांगायचा.

मामांना मी घरी सांगत होतो की, होडी करतोय. त्यांनी मला लहानाचं मोठं केलं होतं, नोकरीला लावलं होतं. त्यांच्यापुढे माझी मान कधी वर झाली नव्हती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते म्हणाले, "चल, बघू तरी तुझी कारागिरी." नको म्हणायला मला कारण सुचलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तो वल्ह्यांचे खुंटे बसवत होता. उघडा, घामाने भिजलेला. मला बघून हसला आणि हात वर केला. मामांनी विचारलं, "हा कोण?"

तो माझा मित्र आहे, एवढं एकच वाक्य होतं. पण पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. आडनाव काय, राहतो कुठे. मी म्हणालो, "मिस्त्री आहे. कामाला लावलाय."

त्याचा हात अजून वरच होता. तो त्याने सावकाश खाली घेतला आणि पुन्हा खुंट्याकडे वळला.

मामा होडीभोवती फिरले. पेटी उघडून बघितली, चटई दाबून बघितली. "वा! डोकं चाललंय हो तुझं." मग मामांनी घरून आणलेला पाण्याचा फिरकीचा तांब्या पिशवीतून काढला, आम्ही दोघं प्यायलो. मामा चांगल्या मनाने म्हणाले, "त्यालाही दे, उन्हात काम करतोय. वरून ओत."

मी तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. मी खरंच तो तिरका धरला होता, त्याने ओंजळ करावी म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तहान नाही, साहेब."

पुढच्या रविवारी तो येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. राहिलेला खुंटा बसवला, हत्यारं पुसून पिशवीत भरली. मी म्हणालो, "अरे, मामा जुन्या वळणाचे आहेत, त्यांच्यासमोर..."

"मामांचं जाऊ दे. ते मला ओळखत नाहीत. तू ओळखतोस ना?"

"चुकलो."

"मग एक कर. येत्या रविवारी मला तुझ्या घरी ने. मामांना सांग, हा मिस्त्री नाही, माझा दोस्त आहे. मी चहा पिऊन निघेन. जास्त बसणार नाही."

त्याने हे अगदी साधेपणाने मागितलं होतं. मी म्हणालो, "बघतो. घरी विचारून सांगतो."

तो पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "होडी नीट वापर. भरतीच्या वेळी खडकांकडे नेऊ नकोस."

मी घरी विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू असं करत रविवार आला आणि मी कोळीवाड्यात गेलोच नाही. त्यापुढच्या रविवारी गेलो, तेव्हा तो नव्हता. एकट्याने होडी पाण्यात घातली. एक थेंब आत आला नाही. त्या दिवशी गळाला दोन चांगल्या शेंगट्या लागल्या. त्या घेऊन मी त्याच्या चाळीपर्यंत गेलो आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहून परत फिरलो. त्याच्या घरी मी कितीदा जेवलो होतो. आता तिथे मासे देऊन काय साधणार होतो? घरी मामींनी त्या शेंगट्यांचं कालवण केलं. मामा जेवताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाच्याने स्वतःच्या हाताने केलेल्या होडीतले मासे!" मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. दोन-चार खेपांनंतर मी होडी त्या कोळणीच्या अंगणात सोडून दिली. पुढे तिचे नातू ती वापरत.

राज्य झालं त्या सकाळी मी लालबागला होतो. तोरणं, गुलाल, ताशे. गिरण्यांतले लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होते. त्या गर्दीत तो समोर आला, कडेवर लहान मुलगी होती. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा. त्याने मला ओळखलं. मुलीला म्हणाला, "काकांना पेढा दे."

तिने दिला. मी म्हणालो, "झालं रे आपलं राज्य."

"झालं," तो म्हणाला. "तुमचे मामा बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो. मागून रेटा आला आणि तो मुलीला सांभाळत परळच्या दिशेने निघून गेला. मामा त्यानंतर अकरा वर्षं जगले. तो माझा कोण होता, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.