पंचवीस नंबरचं दार

"सर, गूगल उघडतंय का?"

इंटरनेट कंपनीच्या हेल्पडेस्कवरच्या मुलीनं हे चौथ्यांदा विचारलं. मी चौथ्यांदा हो म्हणालो.

"मग तुमचं इंटरनेट चालू आहे, सर. कंप्लेंट क्लोज करू?"

"अहो, इंटरनेट चालूच आहे. मेल येतात, पण बाहेर जात नाहीत. तुमच्याकडे कुणीतरी अडवलेत."

"सर, एकदा राउटर बंद करून चालू करा ना."

मी फोन ठेवला नाही, आपटला. समोर मंगलताईंची खुर्ची रिकामी होती आणि ती का रिकामी आहे हे मला तासाभरापूर्वीच कळलं होतं.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि मेल सांभाळणं हा माझा धंदा. त्यातलाच एक तुपे साहेबांचा. साहेब मूळचे गंगापूरचे, शेतकरी घरातले, इथे येऊन त्यांनी यंत्रांचे शाफ्ट बनवायचा कारखाना काढला. माल पुण्याला जायचा. ट्रक निघाला की मागोमाग मेलवर माल तपासल्याचं टेस्ट सर्टिफिकेट जायचं. ते पोचल्याशिवाय पुण्याची कंपनी माल उतरवून घेत नसे. हे काम डिस्पॅचच्या मंगल सोनवणे यांचं. मुकुंदवाडीहून चालत यायच्या, कामात चोख.

गुरुवारी पुण्याहून फोन आला, तीन ट्रक गेटवर उभे आहेत, सर्टिफिकेट एकाचंही नाही. मंगलताई म्हणाल्या, मी पाठवलीत, सेंटमध्ये बघा. तुपे साहेबांनी मला फोन लावला. मी दुसऱ्या कारखान्यात होतो. तिथूनच लॉगिन करून पाहिलं, सर्व्हर सुरू होता. माझ्या डोळ्यांदेखत दोन मेल येऊन पडले. मी म्हणालो, "सर्व्हर चालू आहे. काही प्रॉब्लेम नाही."

फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं. सोमवारी गेलो तेव्हा स्टोअरकीपरनं सांगितलं. सगळ्या कामगारांसमोर साहेब मंगलताईंना म्हणाले होते, "ऐकलं? मशीन खोटं बोलत नाय. मी माझ्या फुकटच्या मेलवरून आत्ता पाठवलं तर लगेच पोचलं. तुझंच कसं जात नाय? उद्यापासून येऊ नको."

आता ही गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही मेल पाठवलात की तो आधी ऑफिसच्याच सर्व्हरवर जातो. कॉम्प्युटरवर 'सेंट' दिसतं त्याचा अर्थ एवढाच. पुढे आपला सर्व्हर समोरच्याच्या सर्व्हरचं दार वाजवतो. प्रत्येक कामाला इंटरनेटवर वेगळ्या नंबरचं दार असतं आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल द्यायचं दार पंचवीस नंबरचं. ते उघडलं नाही तर सर्व्हर मेल रांगेत ठेवतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि पाच दिवसांनी परत करतो. साहेबांचा फुकटचा मेल ब्राउझरच्या दारानं जात होता, त्यामुळे तो बिनबोभाट पोचला.

हेल्पडेस्कला फोन लावण्याआधीच मी ही रांग उघडली होती. बुधवारी दुपारनंतर एकही मेल बाहेर पडला नव्हता. मंगलताईंची तिन्ही सर्टिफिकेटं तिथं होती, पाठवल्याच्या वेळेसकट. गुरुवारी हे बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

फोन आपटून तसाच उठून क्रांती चौकात इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर दाद लागेना, तेव्हा आवाज चढवला. आतून एक इंजिनीअर बाहेर आला. शांत माणूस, त्याचाही राग आला.

"पंचवीस नंबर आम्हीच बंद केलाय," तो म्हणाला. "तुमच्या लाइनवरून औषधांच्या जाहिरातींचे मेल हजारोंनी जात होते. स्पॅम. अशानं आमच्या सगळ्या लाइनी जगभर काळ्या यादीत जातात."

"मग सांगायचं कोणी?"

"नोटीस पाठवली होती. मेलवर."

"कोणत्या मेलवर?"

त्यानं पत्ता दाखवला. कनेक्शन देताना त्यांनीच फुकट दिलेला. त्याचा पासवर्ड कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाईची नोकरी गेली होती आणि यांनी नोटीस कुलूप लावलेल्या पेटीत टाकली होती.

"आमच्याकडे सात कॉम्प्युटर आहेत. सातही स्वच्छ आहेत. मी स्वतः बघतो," मी म्हणालो.

त्यानं स्क्रीनवरचा नोंदींचा लॉग माझ्याकडे वळवला. "हे बघा. तुमच्या सुट्टीच्या दिवशीही जात होते."

सुट्टीला सातही कॉम्प्युटर बंद असतात. चालू असतो सर्व्हर आणि राउटर. सर्व्हर मी नुकताच तपासला होता. मग राउटरवर आणखी कोण होतं? आणि एकदम आठवलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. मुकुंदवाडीच्या पुढे नवनव्या कॉलन्या उठत होत्या आणि जिकडेतिकडे टँकर पळत होते. आमची बोअर आटली. भिंतीपलीकडच्या हबीबभाईंच्या पॉलिशिंग युनिटच्या बोअरला पाणी होतं. त्यांनी एका शब्दावर भिंतीवरून नळी टाकून दिली. पाण्याची परतफेड कशी करायची? तुपे साहेबांनी त्यांना इंटरनेट दिलं. त्याच नळीला बांधून वायर मीच नेली होती. पाण्याला नाही म्हणत नाहीत, मग नेटला कोण म्हणणार? मधे साधा अडसर घालावा, एवढंही मला सुचलं नाही.

हबीबभाईंचा कॉम्प्युटर उघडला तर आत व्हायरसचं वारूळ. ते दिवसरात्र स्पॅम ओकत होतं आणि बाहेरून बघणाऱ्याला ते आमचंच वाटत होतं.

हबीबभाई खजील झाले. "मेरे को क्या मालूम था, साब? मैं तो खाली बिल बनाता. तुम तार निकाल लो. पानी चालू रहेगा."

त्यांच्यावर कसला रागावणार? कॉम्प्युटर साफ केला, त्यांची लाइन वेगळी केली. आमचा मेल थेट न पाठवता इंटरनेटवाल्यांच्याच सर्व्हरच्या हातात द्यायची सोय केली, म्हणजे तो पुढे पोचवायचं काम त्यांचं. सेटिंगमधली एक ओळ बदलली. रांग भराभर रिकामी झाली.

पण त्याआधी मी रांगेची यादी छापून घेतली होती. ती तुपे साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"बरं झालं, सापडलं," साहेब म्हणाले. "तिला फोन लावा. म्हणावं, ये उद्यापासून."

"तुम्ही तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालात, साहेब."

"तुमच्याच भरोशावर म्हणलो ना? तुम्हीच म्हणले, चालू हाय."

साहेबांचा राग आला, इंटरनेटवाल्यांचा आला, पण शब्द माझे होते. संध्याकाळी मुकुंदवाडी स्टेशनजवळ मंगलताईंचं घर शोधलं. त्या दारात टँकरचं पाणी गाळून ड्रममध्ये भरत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"तुम्ही बघितलं नव्हतं ना, साहेब?"

"बाहेर जाणारे नव्हते बघितले."

"मग बघितलं नाय म्हणायचं व्हतं. प्रॉब्लेम नाय कशापायी म्हणलात?"

ड्रमवर झाकण ठेवून त्या म्हणाल्या, "येते मी. पण जितक्यांनी ऐकलं, तितक्यांना कळू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यादी मी हजेरीच्या बोर्डावर लावली. त्यांच्या तीन मेलखाली लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'हे मेल वेळेवर पाठवले होते. मी न तपासता प्रॉब्लेम नाही म्हणालो. चूक माझी.' सही केली. तुपे साहेबांनी वाचलं आणि आत गेले. माफी त्यांनी मागितली नाही, आजवर नाही. यादी काढायलाही सांगितलं नाही, एवढंच.

मंगलताई आल्या. बोर्डासमोर उभं राहून त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग खुर्ची पुसून बसल्या. त्या दिवशीचं सर्टिफिकेट पाठवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पोचलं का?"

"सर्व्हर चालू—" मी म्हणालो आणि थांबलो.

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मी पुण्याचा नंबर लावला.