चौकातला माझा फ्लेक्स

मंडळी, सकाळपासून डोकं चालेना झालंय, म्हणून तुम्हालाच विचारतो.

उद्यापासून जळगावात माझ्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन आहे. हॉल आमच्या भडगावच्या कलामंडळाने मिळवून दिला, फ्रेमही त्यांनीच करून दिल्या. आज मंडळाच्या नानांनी मला गावच्या चौकात बोलावलं. बघतो तर माझा भलामोठा फ्लेक्स.

नाना म्हणाले, "देख भाऊ, कितला भारी फोटो शे तुना."

अर्धं आयुष्य मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. घरी बसलेल्या मला ह्याच मंडळाने कॅनव्हास आणून दिला, चित्रकार केलं.

फ्लेक्सच्या कडेमागून एक पिवळी वेलांटी डोकावत होती. ती माझ्याच हातची. मी रंगवलेली, गावात उरलेली शेवटची पाटी, किराणा दुकानाची, मागे झाकली गेली होती.

नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "भारी शे, नाना."

आता सांगा, फ्लेक्स जरा बाजूला बांधा म्हणू का त्यांना? त्यांना वाईट वाटेल. आणि माझा काढला, तर उद्या तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागेल.