शाळूच्या कणसाची जाळी

निघायच्या सकाळी तात्यांनी मला एसटीकडं न्यायच्या आधी घरामागच्या परड्यात नेलं. तिथं त्यांनी पांढऱ्या फक्कीनं एक चौकोन आखून ठेवला होता. मी आठवी सोडून मामाच्या हाताखाली कुंभकोणमला निघालो होतो, गलाईच्या कामाला, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायला. अंगात शर्ट शाळेचाच होता. "हितं तुझा बंगला," तात्या म्हणाले. "कमवायचं तिकडं, बांधायचं हितं." मी मान डोलावली. त्या वयात माणूस कशालाही मान डोलावतो. आईनं शाळूच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या आणि एवढंच म्हणाली, "भट्टीपाशी बसताना तोंड बाजूला धर."

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे भट्टीमागं देशभर पांगलेत त्यांच्यासाठीही. लिहायची सवय मोडलीय. चुकेल तिथं हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या गावात शिरताना दोन्ही बाजूंना बंगले लागतात, तुम्हाला माहीत आहेत. ग्रॅनाइटचे खांब, काचेच्या खिडक्या, गच्चीवर सिमेंटचा गरुड. मालक कुणी कोचीत, कुणी गुवाहाटीत. वर्षातनं एकदा जत्रेला कुलूप निघतं, आठवडाभर लाइट लागतात, मग पुन्हा कुलूप. आणि तिकडं तीच माणसं दुकानाच्या माळ्यावर झोपतात, छपराला डोकं आपटत. मीही झोपलो. मामानं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, काम दिलं, भाषा दिली, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण माळा तो माळाच. खाली भट्टी, वर पत्रा, मध्ये आम्ही. सुनंदा लग्न होऊन आली ती त्याच माळ्यावर.

तेव्हा मी ठरवलं, बांधेन ते जिथं राहतो तिथं. कुंभकोणमबाहेर स्वामीमलैच्या रस्त्याला छोटी जागा घेतली आणि तात्यांना फोनवर सांगितलं. पलीकडं त्यांनी आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "परक्या मुलखात घर? उद्या त्यांनी हाकललं तर भिंती डोक्यावर घेऊन येणार हाईस? मी पाय ठेवायचा न्हाई त्यात."

खरं सांगतो, मी घाबरलो. बाजारात मला अजून 'सेट्टु' म्हणतात, म्हणजे बाहेरचा व्यापारी. माझं तमिळ दुकानापुरतं. तात्या म्हणतात तसं झालं तर?

हे मी सरोजाबाईंना बोलून दाखवलं. त्या आमच्या गल्लीतल्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. इकडं मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांचे पूर्वज आले आणि इथलेच झाले. घरात विठ्ठल आणि मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांची मराठी माझ्या पणजीलाही जुनी वाटली असती. त्यांनी ऐकून घेतलं, कापीचा, म्हणजे कॉफीचा टंबलर पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "आम्हांस कोणी घालविलें नाहीं अजून. तूं काढ नकाशा."

नकाशा त्यांनीच काढला. दोन खोल्या, जुन्या कौलांचं छप्पर, पावसाचं पाणी साठवायला टाकी, पुढं तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा. एसीला जागाच ठेवली नाही. दर्शनी बाजू पश्चिमेची, दुपारचं ऊन थेट अंगावर. तिथं भिंतीऐवजी जाळीच्या फरश्या उभ्या करायच्या ठरलं. चुना, विटांचा भुगा, भाताच्या तुसाची राख आणि थोडं सिमेंट कालवून साच्यात ओतायचं. ओतणं मला येतं, आयुष्य त्यातच गेलं. नक्षी कुठली, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, शाळूचं कणीस. एकेक दाणा म्हणजे एकेक भोक. इथं चारी बाजूंना भातच भात; शाळू कुणाच्या ताटात नाही. म्हणूनच मला तो दारात हवा होता. गवंडी फरशी उलटीसुलटी करून म्हणाला, "अननस छान आलंय, सेट्टु."

जाळी उभी राहिली आणि घर भट्टीसारखं तापलं. बाई बघायला आल्या, पदरानं वारा घेत बसल्या. "हीं भोकें कोणासाठीं? मुंगीसाठीं?"

मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळे दाणे करंगळी जाईल न जाईल एवढे. हा गलाईवाल्याचा हात. आमच्या दुकानात वारा म्हणजे वैरी. सोनं तोलताना पंखा बंद, दार लोटलेलं. जमिनीवरची धूळसुद्धा झाडून डब्यात भरायची, त्या धुळीत सोनं असतं. इतकी वर्षं फटी बुजवल्या, त्यामुळं स्वतःच्या घराला भोकं पाडताना हात आपोआप आखडला होता.

सुनंदा म्हणाली, "अहो, ह्या घरात उडून जाण्यासारखं आहे तरी काय?"

सगळ्या फरश्या उतरवल्या. नवा साचा केला, दाणा लिंबाएवढा धरला. जुन्या फरश्या अंगणात वाटेवर टाकल्या. त्यांच्या भोकांतनं पाणी झिरपतं, चिखल होत नाही. नवी जाळी लागली त्या दिवशी कावेरीकडचा वारा आत आला आणि सुनंदाचं कॅलेंडर भिंतीवरनं पडलं. ते तिनं उचललं नाही, नुसती बघत बसली.

वास्तुशांतीला तात्या आले. आईनं आणलं, असं ते सगळ्यांना सांगत होते. आत न येता तिण्णैवर बसले, जेवलेही तिथंच. दुपारी ऊन चढलं तसे उठून आत आले. जमिनीवर उन्हाचे दाणे पडले होते. ते एकदा खाली, एकदा वर बघत राहिले.

"कणीस हाय का रं?"

"व्हय."

"पोचट दिसतंय. दाणंच न्हाईत."

"दाणे काढलेत, तात्या. तिथनंच वारा येतोय."

त्यांनी आपलं घोंगडं जाळीच्या पायथ्याशी ओढलं आणि चांगले घोरले. परत जायच्या दिवशी रिक्षात बसता बसता त्यांनी विचारलं, "आन् परड्यातली जागा?"

"शाळू पेरा," मी म्हणालो.

पूर्वी कुणी घर विचारलं की मी इथला पत्ता सांगून घाईनं जोडायचो, "पण मूळचे आम्ही तिकडचे." माफी मागितल्यासारखं. आता पत्ता सांगतो आणि थांबतो. इथून कुणी उठवायला आलं तर येऊ दे, तिण्णैवर बसवून कापी देईन, पण उठणार नाही. आणि तुम्ही, जे अजून माळ्यावर झोपताय आणि गावात गरुड उभे करताय, एकदा स्वतःला विचारा, ते घर कुणाच्या झोपेसाठी बांधलंय.

यंदा तात्यांनी त्या चौकोनात शाळू पेरला. मला कळवलं नाही, नुसतं पीठ पाठवलं. सुनंदानं भाकरी थापल्या, आणि चुलीचा धूर कणसातनं बाहेर गेला.