सासूबाईंना चालवणं

९ मार्च १९९७, रविवार. जव्हारच्या घरी मी नागलीच्या पापडांचं पीठ उकडत होते. खोडाळ्याच्या जीपवाल्याने दारातूनच निरोप दिला, ‘सासूबाई पडल्यात तुमच्या. पण काळजी नाही, चालवतायत त्यांना.’

‘चालवतायत’ म्हणजे काय, ते मला नीट कळेना. गॅस बंद केला आणि त्याच जीपने निघाले.

गावच्या घरी खरंच चालवणं सुरू होतं. एका बगलेत थोरले दीर, दुसऱ्या बगलेत जाऊबाई आणि मध्ये सासूबाई. त्यांचं उजवं पाऊल बाहेर वळलं होतं, जमिनीवर फरफटत होतं. बुधवारी पडल्या तेव्हापासून रोज तेल चोळून दोन्ही वेळा हेच.

‘म्हातारं माणूस एकदा बसलं की उठत नाही,’ दीर म्हणाले. ‘म्हणून पाय मोकळा करतोय.’

‘दादा, आधी खाली बसवा त्यांना.’

‘आली मास्तरीण,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आता पाढे म्हणायला लावील.’ बोलताना दात आवळलेले होते.

जव्हारला एक्सरेत खुब्याचं हाड मोडलेलं दिसलं. नाशिकला ऑपरेशन झालं तर पुन्हा चालतील, नाहीतर कायमच्या अंथरुणाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्याने गाडी ठरवली, दीरही आले. नाशिकच्या डॉक्टरांनी आधी छाती तपासली. ती कफाने भरली होती. ताप नव्हता, खोकलाही नव्हता, त्यामुळे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. म्हाताऱ्यांत असं होतं म्हणे. अशात भूल देता येईना. आठवडाभर औषधं झाली. छाती जेमतेम निवळली, पण अंगात काही उरलं नाही. ‘आता ऑपरेशन झेपणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘घरी न्या. कूस बदलत राहा.’

‘पडल्या त्याच दिवशी आणलं असतं तर?’ दिरांनी विचारलं.

‘तर केलं असतं.’

परतताना दीर ड्रायव्हरशेजारी बसले. सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

‘त्याला बोलू नको हां,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘हौसेने मला चालवत होता.’

‘नाही बोलणार. पण तुमच्या संडासाचं काय करायचं ते ठरवायला हवं.’

‘तेच मी म्हणते,’ त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

त्यांना जव्हारला आमच्याकडेच आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराला बोलावलं आणि फळ्यांच्या खाटेला मधोमध गोल भोक पाडून घेतलं, खाली बादली येईल असं. त्याच्या कडा पॉलिश पेपरने दोनदा घासून घेतल्या.