दोन साक्षींचे गुरुजी

आमच्या गुरुजींना एकट्या माणसाचं म्हणणं कधी पुरत नसे. शिपायाने येऊन सांगितलं, "गुरुजी, साहेब आलेत," तर हे विचारायचे, "आणखी कोणी पाहिलं?" तोवर साहेब दारात उभे असायचे. खालापूरच्या त्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा मला हा माणूस विक्षिप्तच वाटला. मुलं पाठीमागे त्यांना 'साक्षी गुरुजी' म्हणत, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही म्हणत होतो.

हा स्वभाव त्यांच्या नादापायी जडला होता. गुरुजी मूळचे समुद्रकाठचे. खाडीच्या तोंडाशी चाळीसेक घरांचं त्यांचं गाव. मासेमारी, थोडी भातशेती, आणि भरतीचं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध. गुरुजी सात वर्षांचे असताना तो बांध फुटला, शेतं खारी झाली आणि गाव उठलं. माणसं पोटामागे रसायनी, खोपोली, कर्जतकडे पांगली. त्या गावाचा इतिहास लिहायचा, हा एकच ध्यास गुरुजींनी घेतला होता. रविवार आला की खांद्याला पिशवी अडकवून जुनी माणसं शोधत निघायचे.

त्यांच्या दोन वह्या होत्या. ऐकलेलं सगळं कच्च्या वहीत जायचं. दुसऱ्या कोणी तेच सांगितलं तरच पक्क्या वहीत. "बाई, एकाने सांगितली ती आठवण, दोघांनी सांगितला तो इतिहास," असं मला बजावायचे. गावच्या विहिरीचं पाणी गोडं होतं की मचूळ, एवढ्यासाठी त्यांनी तीन रविवार घालवले. मी थट्टेने म्हणायची, "विहीर आता खाडीत गेली गुरुजी, गोडं म्हणून टाका." ते हसायचे नाहीत.

रसायनीला त्यांच्या गावचे दोघे म्हातारे भाऊ राहायचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. एकदा मीही बरोबर गेले. बांध फुटला त्या दिवसाचा विषय निघाला. थोरला म्हणाला, "आमी समदे पुरुष दर्यावर. सांजंला आलो तं बांधावर चिटपाखरू नाय. बायका कवाच डोंगराकडं पळाल्या व्हत्या." धाकट्याने मान डोलावली. "आमी पन तेच बगितलं. चार पाट्या माती टाकली असती तं गाव ऱ्हायला असता."

गुरुजींनी दोघांचं म्हणणं निमूट टिपून घेतलं. परतताना एसटीत मात्र त्यांना राहवलं नाही. त्या दुपारी त्यांची आई आणि आणखी अकरा जणी छातीभर पाण्यात उभ्या राहून फुटल्या जागी माती, पेंढा, घरांची दारंसुद्धा लावत होत्या. हे त्यांनी चिंचेवरून डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी डोक्यावर जायला लागलं तेव्हा त्या बाहेर पडल्या. पुरुष आले ते त्यानंतर. "आई मरेपर्यंत पळालेल्यांतली राहिली, बाई," गुरुजी म्हणाले. "भावकीच्या लग्नात तिला कोणी पुढे बसवलं नाही."

"मग लिहा की हे."

"मी एकटा. त्यात तिचा मुलगा."

त्या बारा जणींपैकी एकच हयात होती. हिरामावशी, शेलूला नातवाच्या नव्या फ्लॅटमध्ये. तिचा पत्ता लागायला वर्ष गेलं. आम्ही कर्जतहून गेलो त्या दिवशी गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मावशी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"मावशी, बांध फुटला तेव्हा तू पाण्यात उभी होतीस ना?"

"व्हते रं बाबा."

"माझी आई तुझ्या शेजारी होती?"

"व्हती ना. तुजी आय व्हती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झालं एकदाचं, असं वाटलं. गुरुजींनी मात्र पुढे विचारलं, "मावशी, त्या दिवशी गावात हत्ती आला होता, आठवतो?"

"आलता ना रं. मोठा हत्ती."

नातसून ओशाळून म्हणाली, "आजी सगळ्यालाच हो म्हणतात हो. कोणी बोलायला आलं याचाच त्यांना आनंद."

गुरुजींनी वही पिशवीत ठेवली आणि मावशीच्या पाया पडले. स्टेशनवरच्या बाकावर मी त्यांच्याशी भांडले. हत्तीचं विचारायची काय गरज होती? ते म्हणाले, "न विचारता लिहिलं असतं तर माझ्याच आईवर माझा विश्वास राहिला नसता."

त्यानंतर त्यांचे रविवार थांबले. चपला दारात असायच्या आणि गुरुजी खाटेवर. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या मुलीने पक्की वही माझ्या हाती दिली, "तुम्हीच बघा याचं काय करायचं ते." वहीत घरं होती, होड्या होत्या, विहिरीचं मचूळ पाणी होतं. शेवटच्या पानावर गुरुजींच्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी होत्या: "बांध फुटला त्या दिवशी बांधावर कोणी नव्हतं. बायका आधीच पळून गेल्या होत्या." खाली साक्षी म्हणून रसायनीच्या दोघा भावांची नावं.

या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. आम्ही शेलूहून परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.